पत्ते वाटायच्या आधी

परभणी

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या त्या हॉलात दानासाठीच्या पोकर स्पर्धेत तू अडीच तास टिकलीस आणि शेवटच्या पानावर समोरच्याला राजा लागून राण्यांची जोडी घेऊन बाद झालीस. हे तू इतकं बारकाईनं लिहिलंस की मी कागद घेऊन तुझा तो डाव मांडून पाहिला. तू बरोबर खेळलीस. बरोबर खेळून हरता येतं. बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हे मला फळ्यावर कधीच नीट पटवून देता आलं नव्हतं, ते तुला एका संध्याकाळी कळलं.

तुझे प्रश्न दोन. स्पर्धा संपल्यावर ऑफिसातले लोक त्याच हॉलात रोखीच्या टेबलावर बसतात, तिथं बसावं का? आणि दिवाळीला आल्यावर ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांच्या वसतिगृहासाठी छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात माणशी दोन हजार रुपये प्रवेश ठेवून पोकरची संध्याकाळ करावी का? दोन्हीची उत्तरं देतो, पण आधी एक गोष्ट सांगतो. वर्गात ती कधी सांगितली नाही.

मी नववीत होतो. पूर्णेच्या काठावरच्या आमच्या गावात पोळ्याच्या रात्री पत्त्यांचा फड बसायचा. आदल्या वर्षी माझा चुलता तीन पत्तीत एक सायकल घेता येईल एवढं जिंकला होता. सायकल आली, माझ्या आजीनं तिला हळदकुंकू लावलं, आणि काका पत्त्यात हुशार आहे असं सगळं घर म्हणू लागलं. माझं आजही ठाम मत आहे की आमचं नुकसान त्या सायकलीनं केलं. पुढच्या पोळ्याला डावात शेवटी दोघंच उरले, काका आणि एक आडत्या. काकाच्या हातात एकाच रंगाची ओळीनं तीन पानं. असा हात वर्षाकाठी एखाद्या वेळी येतो. आडत्या चाल वाढवत गेला. त्याच्या कोपरीत पैसे होते, काकाचे संपले. आता पॅक करायचं, म्हणजे तोवर घातलेलं सगळं सोडायचं, किंवा आणखी काहीतरी आणायचं. काकानं बैलजोडी बोलली. शो झाला तेव्हा समोर तीन पंजे निघाले. सकाळी बैल नेले तेव्हा त्यांच्या शिंगांचा वार्निश ओला होता आणि गळ्यात माळा तशाच होत्या. काका गोठ्याच्या दारात उभा राहिला नाही. माझे वडील राहिले.

पुढं कितीतरी वर्षांनी पोकरचे नियम वाचताना एका नियमापाशी मी थांबलो. डाव सुरू झाला की तुझ्यासमोर टेबलावर जेवढं आहे तेवढंच त्या डावात लागतं. कमी पडलं तर तू आहे तेवढ्यानिशी ऑल-इन होतेस, तुझ्या वाट्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेला ढीग, वेगळा होतो आणि बाकीचे आपापसांत वरचं खेळतात. खिशातून, घरातून, गोठ्यातून काही आणता येत नाही. श्रीमंत माणूस नुसत्या पैशाच्या जोरावर तुला डावाबाहेर रेटू शकत नाही. हा नियम त्या रात्री आमच्या गावात असता तर काका हरलाच असता, पण खिशातल्या रुपयांपुरता. म्हणून कुठल्याही टेबलावर, मित्राच्या घरीसुद्धा, हा नियम पाळतात का ते आधी विचार. पाळत नसतील तर चहा पी आणि घरी जा.

आता दानासाठीची स्पर्धा. तिथं चिपा, टेबलावरच्या त्या चकत्या, म्हणजे पैसे नव्हेत हे तुला कळलंच आहे. प्रवेशाचे डॉलर दारातच गेले. समोरच्या चिपा ही फक्त टिकून राहण्याची मोजणी. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांना आळीपाळीनं लावाव्याच लागणाऱ्या लहान-मोठ्या रकमा, दर वीसेक मिनिटांनी चढत जातात, त्यामुळे चांगली पानं येईपर्यंत वाट बघत बसणाऱ्याचा ढीग आपोआप आटतो. मोठ्या ब्लाइंडच्या दहापटच उरलं असेल तर आडमाप विचार करत बसू नकोस, एक तर सगळं लाव नाहीतर पानं टाक. अशा स्पर्धांत वेग फार ठेवतात, म्हणून कौशल्याला वाव कमी आणि नशिबाला जास्त. बक्षिसाची आशा धरून जाऊ नये, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

खरी फसगत होते ती री-बायला. बाद झालं की परत पैसे भरून बसता येतं, आणि कानाशी कुणीतरी म्हणतं, ‘दानच तर आहे.’ त्या वाक्यावर माणूस तीनदा, चारदा भरतो आणि घरी गेल्यावर मनातल्या मनात ते दानात लिहितो. लेकरा, ते दान नाही, ती हरल्याची चीड आहे. निघण्यापूर्वी ठरव: एक प्रवेश, एक री-बाय. त्याहून जास्त द्यावंसं वाटलं तर संस्थेच्या नावानं वेगळं दे आणि ते देऊनच टेबलावर बस.

मला २०१२ ची लास व्हेगासची ती स्पर्धा याचसाठी आवडते. पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ नावानं झाली. प्रवेश दहा लाख डॉलर, खेळाडू ४८. प्रत्येकाच्या दहा लाखांतले १,११,१११ डॉलर पाण्यासाठी काम करणाऱ्या वन ड्रॉप या संस्थेला जाणार हे आधीच ठरलेलं होतं. गुणाकार कर, ५३ लाख ३३ हजार ३२८ होतात. पहिलं पान पडायच्या आधी दान बाजूला झालं होतं. मग कोण जिंकलं, कोण रडलं, त्याचा पाण्याशी काही संबंध उरला नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलेलं आपण पाहिलंय, म्हणून पाण्याचं नाव आलं की माझं लक्ष जातंच.

टेबलावर नवखे लोक असतील. कुणाची आजी असेल, कुणी फक्त शाळेला मदत म्हणून आलेलं असेल. त्यांना रंग मोठा की ओळ मोठी हे विचारावं लागलं तर सांग, डाव चालू नसताना सांग. त्यांचा हात लुबाडून मान ताठ करू नकोस. आणि मैत्रिणीबरोबर एका टेबलावर बसलीस तर तिला सवलत देऊ नकोस. दोघींनी एकमेकींना सोडून तिसऱ्याला धरलं की ती मिलीभगत झाली, मनात काही नसलं तरी.

रोखीच्या टेबलाची गोष्ट वेगळी. तिथं चिप म्हणजे डॉलर. केव्हाही उठता येतं, आणि हाच तिथला धोका आहे, कारण कुणी उठवत नाही. स्पर्धेला शेवट असतो. रोखीचा खेळ पहाटेपर्यंत चालतो आणि दमलेल्या माणसाला ‘एवढं भरून निघू दे’ असं वाटत राहतं.

तुला गणित येतं म्हणून एक हिशेब देतो. टेबलावर सगळ्यांसाठीची पहिली तीन पानं, म्हणजे फ्लॉप, उघडली, हातातली दोन धरून तुझ्याकडे बदामाची चार झाली, पाचवं हवं आहे. न दिसलेली पानं ४७, त्यांतली बदामं ९. पॉटमध्ये ३०० आहेत, समोरच्यानं १०० लावले, तुला १०० घालून एक पान बघायचं आहे. ४७ वेळा हाच प्रसंग आला असं धर. ९ वेळा ४०० मिळतील, ३,६०० झाले. ३८ वेळा १०० जातील, ३,८०० झाले. पुढं काही लागणार नसेल तर ४७ वेळांत २०० चा तोटा. फरक इतका बारीक असतो. टेबलावर बसलेल्या बहुतेकांना तो दिसत नाही. त्यांना आठवतो फक्त लागलेला बदाम.

आणि या बारीक फरकावर हॉलवाल्याची कात्री. आपल्याकडे फडाची जागा देणारा प्रत्येक डावातून नाल काढतो. तिकडे त्याला रेक म्हणतात, दिवे झगमगीत असतात, एवढाच फरक. दहा जण शंभर-शंभर घेऊन बसले, टेबलावर हजार. तासाला तीस डाव, डावाला चार डॉलर धर. पाच तासांत सहाशे टेबलावरून नाहीसे होतात. दहाजणांत वाटायला चारशे उरतात. जिंकायचं तर समोरच्यापेक्षा थोडं चांगलं खेळून भागत नाही, नालेसकट भरून निघेल इतकं चांगलं खेळावं लागतं.

तू लिहिलंस की तिथल्या कायद्यानं पत्त्यांच्या टेबलांच्या उत्पन्नातला किमान ३५ टक्के वाटा धर्मादाय संस्थेला द्यावा लागतो, म्हणून रोखीनं खेळणंही समाजकार्यच. वाटा खरा आहे. पण चार डॉलरच्या नालेतले एक डॉलर चाळीस सेंट संस्थेला गेले. थेट दिले असतेस तर चारही गेले असते. संस्थेला मिळतं याचा आनंद मान. ते बसण्याचं कारण म्हणून पुढं करू नकोस. बसायचंच असेल तर खेळ आवडतो म्हणून बस, जेवढं गेलं तरी त्या महिन्यात आईला पाठवायच्या पैशांना धक्का लागणार नाही तेवढंच घेऊन बस, आणि कार्ड खोलीवर ठेवून जा. एक वही कर: तारीख, तास, घेऊन गेलीस किती, आणलंस किती. ती वही सहा महिन्यांनी मला दाखव. न लिहिणारा प्रत्येक माणूस आपण बरोबरीत आहोत असंच सांगतो. काकाही सांगायचा.

आता आपल्या मुलखातलं. इथं माझं उत्तर सरळसरळ ‘नाही’ असं आहे.

आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकरचं नाव घेऊन सूट देणारं एकही कलम नाही. पश्चिम बंगालच्या कायद्यानं पोकरला जुगारातून वगळलंय. गुजरातच्या उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीला नशिबाचा. आणि त्याच निकालात हेही सांगितलं की जागेचा मालक किंवा क्लब खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. तुझी संध्याकाळ नेमकी त्या वाक्यात अडकते. प्रवेशाच्या पैशातून काही बाजूला काढायचं आहे, मग ते कितीही चांगल्या कामाला जावो. संभाजीनगरच्या हॉटेलात पोलिस आले तर त्यांना तुझं ४७ पानांचं गणित नको असतं. तिर्रट असो की पोकर, पंचनाम्यात पत्ते, रोकड आणि नावं लिहिली जातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या वसतिगृहाचं नाव येतं. त्या लेकरांवर हे येऊ देऊ नकोस. मोबाइलवर खेळवू म्हणशील तर तीही वाट बंद आहे: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर इथं ३० टक्के कर बसतो आणि हरलेलं त्यातून वजा होत नाही, हेही ध्यानात ठेव.

वर्गणीचाही कायदा आहे. नोंदणी नसलेल्यांनी चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. गणेश मंडळाची पोरंसुद्धा तिथं रांगेत उभी राहतात.

शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी मला ते रुचत नाही. ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून ट्रक निघतात, त्या गावांत पोळ्याच्या पत्त्यांनी किती उचली गिळल्या ते बायकांना विचार. मुकादमाकडून घेतलेली उचल एका रात्रीत जाते आणि ती फेडायला नवरा-बायको सहा महिने उसाच्या फडात राबतात. त्यांच्या लेकरांची भाकरी पत्त्यांच्या टेबलावरून येऊ नये असं मला वाटतं. तुझा हेतू स्वच्छ आहे, याची मला खात्री आहे. पण त्या आयांना तू पावती दाखवशील तेव्हा त्यांना त्यावर काय दिसेल, याचा विचार कर.

तुला माणसं एकत्र बसवायची हौस आहे, ती मोडायची नाही. वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या नावानं आधी देणग्या घेऊ, प्रत्येकाला पावती देऊ. देणगीचा खेळाशी काही संबंध ठेवायचा नाही. मग ज्यांना वाटेल ते बुद्धिबळाला बसतील. तुला पोकर शिकवायचंच असेल तर घरी, जवळच्या माणसांत, एक पैसाही न लावता शिकव. ब्लाइंड, फ्लॉप, सगळं तसंच, फक्त चिपांच्या जागी चिंचोके. तुला आठवत असेल, संयोग आणि क्रमचय मी चिंचोक्यांवरच शिकवले होते.

ट्रस्टच्या नोंदणीचे कागद मी त्यांच्याकडून मागवलेत, या आठवड्यात येतील. आमच्या ओळखीच्या वकिलांना एकदा दाखवून घेतो. वसतिगृहात यंदा लेकरं किती राहणार, आणि रोजच्या दोन वेळच्या जेवणाला किती लागतं, तेही विचारलंय. तू फक्त विमानाची तारीख कळव. आणि येताना ती वही आण.

तुझे सर