अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकाच्या घरच्या देखभालीचा खर्च सरकार देतं का?

तुमचे सासरे निवृत्त नाईक, वय ७८, पक्षाघातानंतर अंथरुणावर, आणि घरी ठेवलेल्या माणसाचा पगार ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, देईल का असं विचारताय. नाही देणार. औषधं, तपासण्या, पॅनेलवरच्या रुग्णालयात कॅशलेस उपचार हे २००३ पासून मिळतंय आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पेशंट रुग्णालयातून घरी आला की देखभालीच्या बाबतीत योजना उंबऱ्याबाहेर थांबते. पुढचं सगळं घरातल्या बाईवर.

माझे सासरे, अण्णा, लष्करात हवालदार. नोकरीत असतानाच गाडी दरीत गेली, मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. १०० टक्के अपंगत्व. सासूबाई होत्या तोवर त्यांनी केलं, त्या गेल्यावर अकरा वर्षं मी. हे कायम फिरतीवर. पहिल्यांदा मी त्यांची शी काढायला गेले तेव्हा अण्णांनी तोंडावर टॉवेल ओढून घेतला आणि सगळं आवरेपर्यंत काढला नाही. पुढे कित्येक महिने तसंच चाललं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री बारा, दोन, चारचा गजर. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले होते: डावी, उजवी, पाठ. एकदा मी तापाने फणफणले आणि दोन पाळ्या चुकल्या. सकाळी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून पाहिला, पांढरा होईना. मग तिथेच कातडी फाटली आणि ती जखम भरायला पाच महिने गेले. अण्णाच मला समजवायचे, “अगं, मला कुठं दुखतंय?”

अशा सैनिकांसाठी कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सोबतीच्या माणसासाठीचा भत्ता आहे. अपंगत्व पेन्शन हवी, अपंगत्व १०० टक्के हवं आणि सोबतीला कायम माणूस लागतो असं मेडिकल बोर्डाने लिहायला हवं. जुलै २०१७ पासून तो महिना ६७५० रुपये होता. याच भत्त्यावरून थोरले दीर मला चारचौघांत म्हणाले, “फुकट करतेस का? सरकार पैसे देतंय की.” तिसाने भागा. दिवसाचे २२५ रुपये, तेही चोवीस तासांचे. त्यातच डायपर आणि हातमोजे. मी बालवाडीतली नोकरी सोडली होती, ती कुणी मोजली नाही.

त्यांचा दुसरा सल्ला, “खडकीला ठेवा.” कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, तिथले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. अण्णाच म्हणाले, “तरण्या पोराची जागा मी कशाला अडवू?” आणि ज्यांनी एक रात्र उशाशी काढली नाही त्यांनी माणूस कुठं ठेवायचा हे ठरवू नये.

माझं मत स्पष्ट आहे. हा भत्ता सांभाळणाऱ्याच्या नावावर जमा व्हायला हवा. अण्णांच्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. ते गेले त्या महिन्यात भत्ता बंद झाला आणि मी पन्नाशीत नोकरीशिवाय उरले. ती कॅलेंडरं अजून ट्रंकेत आहेत. अकरा वर्षांच्या खुणा, अक्षर एकाच माणसाचं.

म्हणून सांगते, तुमच्या घरी आजच सगळ्यांना बसवा, रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहा आणि आधी मुलग्यांच्या सह्या घ्या. सुनेची नंतर.

तुमच्या बाबतीत मात्र वरचा भत्ता बसणार नाही, कारण पक्षाघात निवृत्तीनंतरचा आहे. खडकीचं केंद्रही मणक्याच्या दुखापतींसाठी आहे. पण त्यांना आधीपासून अपंगत्व पेन्शन असेल तर जुने कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाच. वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०. त्यासाठी पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, जन्मतारीख नीट आहे का ते आत्ताच बघा. आणि नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना उचलून कुठंही नेऊ नका, मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरीच होतो.