पहिली गाडी घेतलीत? आधी एवढंच बघा

अभिनंदन! लगेच सगळं शिकायच्या भानगडीत पडू नका.

आधी टायर. हवा टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरू नका. नवखे हमखास इथंच चुकतात. मीही चुकलो होतो, गाडी प्रत्येक खड्ड्यात टणाटण उडायची!

मग ऑइल. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पुन्हा बुडवा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. जास्त ओतणंही वाईटच.

- गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.
- क्लेमच्या वेळी खिशातून किती जाणार, ते विमा घेण्याआधीच वाचा.

अलाइनमेंट (चाकं योग्य कोनात बसवणं) वगैरे नंतर बघू.