जुना पीएफ मोडू नका, आणि व्यायाम निवृत्तीवर ढकलू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि डोळा लागेना. वय ४४, घर चिपळूणला, नोकरी लोट्याला, लेक आठवीत, वार्षिक खर्चाच्या २५ पट पैसे जमवून ५२व्या वर्षी थांबायचा विचार. ठाण्याच्या जुन्या नोकरीतला सात वर्षांचा पीएफ एजंट काढून देतो म्हणतोय, तो गृहकर्जात भरू का, असं विचारलंय. आणि खाली एक ओळ, ‘व्यायाम आत्ता जमत नाही, मोकळा झालो की जोरात सुरू करीन.’ या दोन्ही गोष्टी मी करून बसले आहे, म्हणून लिहिते. मी ५१ची, दापोली तालुक्यातली, २०२२ला नोकरी सोडली.

एसआयपी, टर्म इन्शुरन्स, आणीबाणीचा पैसा हे तुमचं झालेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

२००८ सालची गोष्ट. आठ वर्षं मी ठाण्यात एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. सासूबाईंच्या आजारपणामुळे गावी यायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या माणसाने दोन छापील फॉर्म पुढे सरकवले, १९ नंबर (पीएफ काढायचा) आणि १०-सी (त्यातल्या पेन्शनच्या हिश्श्याचा). सगळीकडे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. ‘ताई, इथे इथे सही करा.’ १०-सीवर दोन पर्याय होते, पेन्शनचे पैसे काढा किंवा स्कीम सर्टिफिकेट घ्या. फुली पैशांवर. मी विचारलं, हे दुसरं काय असतं? तो म्हणाला, ते कोणी घेत नाही. मी सही केली. (ते सर्टिफिकेट घेतलं असतं तर सेवेची वर्षं पुढच्या नोकरीत जोडून धरली असती, हे खूप नंतर कळलं.)

पीएफचे तीन लाखांच्या आसपास आले. त्यात चिऱ्याचं कुंपण झालं, विहीर बांधून झाली. पेन्शनच्या हिश्श्याचे पन्नास-पंचावन्न हजार आले, ते कशात गेले ते आज आठवतसुद्धा नाही. २०१०ला लोट्याला लागले तेव्हा हेच तीन लाख नव्या खात्यात वळवता आले असते. त्या सगळ्या वर्षांत पीएफचा व्याजदर आठ ते साडेनऊ टक्क्यांच्या मध्ये राहिला. मी नोकरी सोडेपर्यंत त्याचे नऊ लाखांच्या वर झाले असते. पण पैशापेक्षाही मला लागलं ते हे की माझी सेवेची आठ वर्षं पुसली गेली. पेन्शन सेवेच्या वर्षांवर ठरते. माझी वीसच्या जागी बाराच धरली जाणार, तीही जन्मभरासाठी, माझ्यामागे ह्यांना मिळेल त्या पेन्शनीसकट. कोणी दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं तर!

तुमचंही तेच होऊ शकतं. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. नोकऱ्या बदलल्या तरी वर्षं जोडून धरतात, पण मध्ये १०-सीने पैसे काढले की ती वर्षं गेली. शिवाय तुम्ही नोकरीत आहात. अशा वेळी जुनं खातं काढायचं नसतं, ट्रान्सफर करायचं असतं. एजंट हे सांगणार नाही. ट्रान्सफर ऑनलाइन होते, फक्त आधी नाव, जन्मतारीख आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, एवढं तपासा. मिसेसचं जुनं खातं असेल तर तेही आजच बघा. माझं खातं माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. एवढ्यासाठी एका कार्यालयाने मला सात महिने फिरवलं. दर खेपेला नवा कागद. भर पावसात एसटीने जायचं आणि ऐकायचं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. कागद कमी आहेत ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय जातं? अजून संताप होतो.

(मी सल्लागार नाही. नियम बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशीचा नियम बघूनच करा.)

आता व्यायाम. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आमच्या घरावरची अर्धी कौलं गेली. दुसऱ्या दिवशी हे शिडीवर आणि मी खालून कौलं देतेय. दहा-बारा दिली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कौल हातात, आणि हात तिथेच. शेवटी पंधरा वर्षांची लेक पुढे झाली. तेव्हा मी ४६ची होते, निवृत्तीचं गणित वहीत चोख होतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू उतरत जातात, साठीनंतर जास्त वेगाने. तुम्ही ५२ला सुरू करायचं म्हणताय, म्हणजे आठ वर्षांचा खंड. पीएफसारखाच हा खंड नंतर भरून काढणं जड जातं.

स्नायूंच्या व्यायामाला आठवड्यातून दोन दिवस पुरतात, जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना त्यासाठी किमान दोनच दिवस सांगते. पहाटे पाचचा हट्ट सोडा. मी मंगळवार आणि शनिवारी, कामावरून आल्यावर आंघोळीच्या आधी, पडवीत पस्तीस मिनिटं करायचे, अजून तेच. वजन छातीशी धरून उठाबशा, वाकून वजन ओढणं, पुश-अप (पहिले तीन महिने भिंतीला टेकून), जमिनीवरून वजन उचलणं. बारा-बाराचे तीन सेट सहज झाले की वजन वाढवायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन किलोपासून सुरू केलं, आता उठाबशा सोळा किलो घेऊन होतात. बीपी किंवा गुडघ्याचं काही असेल तर आधी डॉक्टर. लेकीला बरोबर घ्या, तिलाही लागणारच आहे.

खाण्याचं म्हणाल तर पावडरीच्या मागे लागू नका. बांगडा आहे, अंडी आहेत, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कुळथाची पिठी रोज होऊ दे. आणि लोखंडी डंबेल घेतलीत तर आपल्या खाऱ्या हवेत गंजतात, पावसाआधी खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवा. रबरी वेष्टणाची मिळाली तर उत्तम.

वार्षिक खर्चाच्या २५ पटीचा तुमचा आकडा मला कमी वाटतो. त्यामागचा, दर वर्षी साठ्यातले चार टक्के काढायचे, हा हिशेब अमेरिकेतला, १९९४चा, तीस वर्षं पैसे पुरावेत म्हणून मांडलेला. ५२ला थांबणाऱ्याला त्याहून जास्त वर्षं काढायची असतात. मी ३३ पट धरले. आणि आंब्याचं उत्पन्न आकड्यात अजिबात धरू नका. निसर्ग वादळात आमची नऊ कलमं मुळासकट गेली, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने उरलेला आंबा झोडपला. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो, स्वतःचा आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं नोकरीत असतानाच सरू देत.

लोट्याला कधी लागलात ती तारीख कळवा, म्हणजे दहा वर्षांचं नीट सांगता येईल. एजंटला कागद किंवा पासवर्ड दिला असेल तर उद्या सकाळीच कागद परत मागून घ्या, पासवर्ड बदला, आणि आलेला ओटीपी त्याला सांगू नका.