कंबर भरून येते, पण हॅमस्ट्रिंगला ताण जाणवत नाही : डेडलिफ्टचा कोणता प्रकार निवडावा?

आपण लिहिले आहे की चाळीसगावच्या व्यायामशाळेत जमिनीवरून डेडलिफ्ट (वजनाचा बार उचलत सरळ उभे राहण्याचा व्यायाम) केल्यानंतर फक्त कंबर भरून येते, मांडीच्या मागे, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, काहीच जाणवत नाही, आणि म्हणून सुमो, म्हणजे पाय बरेच फाकवून करायची डेडलिफ्ट, सुरू करण्याचा आपला विचार आहे. माझ्या मते सुमोने हा प्रश्न सुटणार नाही. त्यात धड अधिक ताठ राहते, त्यामुळे कमरेला थोडा आराम मिळतो हे खरे. परंतु काम मांडीच्या पुढच्या आणि आतल्या स्नायूंकडे सरकते.

आधी एक तपासून पाहा. मोठ्या प्रमाणित प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून सुमारे साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर राहतो. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतील बऱ्याच व्यायामशाळांत दहा-पंधरा किलोच्या लहान लोखंडी प्लेटच असतात; त्या लावल्या की बार कितीतरी खाली जातो आणि तिथवर पोहोचताना कंबर गोल होते. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी फळ्या ठेवून बार त्या उंचीवर आणा. निम्मी तक्रार कदाचित इथेच मिटेल.

हॅमस्ट्रिंगसाठी मात्र रोमानियन डेडलिफ्टच करावी. रुमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाड, ज्याने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, त्याच्या सरावातून हा प्रकार अमेरिकेत या नावाने रूढ झाला. हॅमस्ट्रिंग स्नायू बहुतांशी बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात, त्यामुळे गुडघा जितका जास्त वाकेल तितके ते त्या टोकाकडून सैल पडतात. म्हणून बार रॅकवरून घ्यावा, गुडघे किंचित वाकवून तसेच स्थिर ठेवावेत आणि कुल्ले मागे नेत, बार मांड्यांना लागूनच ठेवून, तीन सेकंदांत गुडघ्याच्या थोडे खाली उतरावे. कुल्ले आणखी मागे जाईनात की तिथेच थांबावे. त्यापुढची खोली कमरेतून येते, आणि तीच आपल्याला नको आहे. भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहून कुल्ल्यांनी भिंत गाठण्याचा सराव केला, तर ही हालचाल लवकर बसते.

आठवड्यातून एक दिवस जमिनीवरून पाच-पाच वेळा उचलण्याचे तीन सेट आणि दुसऱ्या दिवशी रोमानियनचे आठ-आठचे तीन सेट पुरेत. सुरुवात जमिनीवरच्या वजनाच्या साधारण निम्म्याने करावी. पाठीचा वरचा भाग मागे पडत असेल, तर काही आठवड्यांनी रुंद पकडीची स्नॅच ग्रिप डेडलिफ्ट घ्यावी. तिला पकडीसाठी मनगटाचे पट्टे लागतात आणि वजन बरेच कमी ठेवावे लागते. लेग कर्लही (वजनाविरुद्ध गुडघा वाकवण्याचा व्यायाम) सोडू नये, कारण हॅमस्ट्रिंगचा एक लहान भाग फक्त गुडघ्यावरूनच जातो आणि डेडलिफ्टने त्याला फारसे काम मिळत नाही.

खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हातांना घाम सुटून पकड निसटते, तेव्हा पहाटेची वेळ आणि हाताला चॉक, दोन्ही हवेत. ज्या दिवशी शेतात केळीचे घड वाहिले असतील, त्या दिवशी जड डेडलिफ्ट टाळावी. दुखणे कमरेतून पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर हे सर्व थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.