टिप्समध्ये बसवलेला स्टेंट किती वर्षं उघडा राहतो? कव्हरवाल्याचे जादा पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिऱ्हॉसिस (यकृत कडक होण्याचा आजार) आहे, दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागतं आणि आता डॉक्टरांनी टिप्स सांगितलंय, म्हणजे यकृतातून रक्ताला नवी वाट पाडून ती स्टेंटने, धातूच्या जाळीच्या नळीने, उघडी ठेवणं. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. टिप्स करायचं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. स्टेंटचं मात्र पाहिलेलं सांगू शकतो.

पैशांचं आधी. कव्हरवालाच, म्हणजे जाळीला अस्तर असलेलाच घ्या, उसनवारी करावी लागली तरी.

कारण असं. मानेतल्या शिरेतून यकृताच्या शिरेत उतरतात, तिथून यकृताच्या मांसातून सुई पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेत, घुसवतात. सिरिंज ओढल्यावर काळपट रक्त आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग त्या वाटेत फुगा फुगवतात. स्क्रीनवर फुग्याला मधोमध कंबर दिसते, प्रेशर वाढवलं की ती एकदम सुटते. त्या क्षणाला गुंगीतला माणूसही कण्हतो. म्हणजे ही वाट शिरेतून जात नाही, कच्च्या मांसातून जाते. शरीर तिला जखम समजतं आणि भरून काढायला बघतं. त्यात बारीक पित्तनलिका फाटलेली असली तर पित्त पाझरतं आणि काम आणखी बिघडतं. साध्या स्टेंटच्या जाळीतून ही वाढ सरळ आत येते.

वाट पाडण्यापेक्षा ती उघडी ठेवणं अवघड, हे पहिल्यापासूनच कळलेलं आहे. जोसेफ रोश या रेडिओलॉजिस्टनी १९६९ मध्ये ही कल्पना कुत्र्यांवर करून दाखवली. १९८२ मध्ये टोरोंटोत कोलापिंटो यांनी माणसांत नुसता फुगा बारा तास फुगवून ठेवला, पण तशा वाटा फार दिवस टिकल्या नाहीत. धातूचा स्टेंट माणसात पहिल्यांदा बसला १९८८ मध्ये, जर्मनीत फ्रायबुर्गला. तोही अरुंद व्हायचाच. मग आलं ईपीटीएफई नावाच्या प्लास्टिकचं अस्तर. नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच घराण्यातलं. २००४ मध्ये छापून आलेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात साध्या स्टेंटच्या ४४ टक्के रुग्णांत वाट बिघडली, अस्तरवाल्यांत १३ टक्के. त्याच रुग्णांची दोन वर्षांनंतरची आकडेवारी अशी की पुन्हा हात न लावता वाट चालू राहण्याचं प्रमाण अस्तरवाल्यांत ७६ टक्के, साध्यांत ३६. ‘किती वर्षं’ याचं यापेक्षा नेमकं उत्तर कोणी छातीठोकपणे देत असेल तर जरा सांभाळून. शिवाय अरुंद झाला म्हणजे संपलं असं नाही, पुन्हा मानेतून जाऊन फुगवता येतो किंवा आत दुसरा स्टेंट घालता येतो.

कव्हर असूनही एक चूक नडते, लांबीची. वरचं टोक यकृताची शीर मोठ्या शिरेला मिळते तिथपर्यंत पोचलं पाहिजे. आखूड पडलं तर उरलेल्या उघड्या शिरेत अरुंदपणा येतो. आमच्याकडे एक काका आठ महिन्यांनी पुन्हा पोट फुगून आले. स्टेंट मधोमध स्वच्छ होता, फक्त वरचा दीडेक सेंटीमीटर तुकडा दोऱ्यासारखा झालेला. वर एक तुकडा जोडला आणि पाणी हळूहळू ओसरलं. खालच्या, पोर्टल शिरेतल्या टोकाला साधारण दोन सेंटीमीटर अस्तर मुद्दामच नसतं, यकृताकडे जाणारं रक्त अडू नये म्हणून. रिपोर्टमध्ये ते वाचून घाबरू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. स्टेंट फार छान उघडा राहणं हीही अडचण होऊ शकते. यकृताला वळसा घालून रक्त थेट वर जातं, त्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस गोंधळल्यासारखा होतो. म्हणून बरेच डॉक्टर दहा मिलीमीटरचा स्टेंट आधी आठलाच फुगवून पोर्टल शिरेतलं प्रेशर बघतात. वडिलांना रोज एका वहीत सही करायला सांगा. सही वेडीवाकडी येऊ लागली, रात्री जागे आणि दिवसा झोपेत राहू लागले, शर्टाची बटणं चुकू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा. लॅक्टुलोजचं सिरप ‘जुलाब होतात’ म्हणून परस्पर बंद करू नका, दिवसाला दोन-तीनदा पोट साफ व्हावं यासाठीच ते दिलेलं असतं.

डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पहिल्या दोन-चार दिवसांत केली तर अस्तरात अडकलेल्या हवेमुळे आतलं नीट दिसत नाही. तेव्हा ‘रक्त वाहताना दिसत नाही’ असा रिपोर्ट आला तरी रडारड नको, आधी डॉक्टरांना विचारा. पुढे मात्र ते सांगतील त्या तारखेला डॉपलर चुकवू नका. पोटात पाणी पुन्हा दिसेपर्यंत वाट आधीच बरीच आवळलेली असते.

आणि डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं स्टिकर आणि प्रोसिजरची सीडी मागून घ्या. लोक एक्स-रेंचं गाठोडं घेऊन येतात, पण आत कुठल्या मापाचा स्टेंट आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग स्क्रीनवर मापं घेत बसावं लागतं, रुग्ण टेबलावर असताना.