पेपर किती ते नंतर, माग कशाचा ते आधी

कसा शे रे भाऊ,

तुझी पब्लिकेशनची यादी मिळाली, दोनदा वाचली. अकरा संशोधन पेपर, तेही शहाद्याहून निघालेल्या पोराचे, घरी पेढे वाटले असतील तर बरोबरच केलं. पण तू विचारलंस की एका लॅबच्या सरांचे तीनशेच्या वर पेपर आणि दुसऱ्या मॅडमचे साठच, मग पीएचडीनंतर पोस्टडॉकच्या संशोधनाला कुठं जाऊ, आणि ते काही फोनवर सांगता येईना म्हणून लिहायला बसलो.

आकडा बाजूला ठेव. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, दोघांची यादी काढ आणि उलटी वाच, सगळ्यात जुन्या पेपरपासून. माणूस कुठून निघाला, कुठं अडला, अडल्यावर प्रश्न सोडून पळाला का तिथंच ठाण मांडून बसला, सगळं दिसतं. त्यांच्या हाताखालच्या पोरांची नावं पण बघ, पेपरवर पहिलं नाव मिळालेली पोरं पुढं स्वतःचं काही करू लागली का एका पेपरनंतर गायबच झाली.

ईपीओचंच घे, लाल रक्तपेशी बनवायला सांगणारं संप्रेरक. शिकागोचे युजीन गोल्डवासर १९५५ च्या सुमारास ते शुद्ध करायच्या मागे लागले आणि जमलं तो पेपर आला १९७७ ला. त्यासाठी जपानच्या मियाकेंनी अप्लास्टिक अॅनिमियाच्या (मज्जा रक्तच बनवत नाही तो आजार) पेशंटची २,५५० लिटर लघवी जमवली तेव्हा कुठं काही मिलिग्रॅम हाती आलं, आणि त्या पेपरवर पहिलं नाव मियाकेंचंच आहे. मग १९९३ मध्ये कळलं की ईपीओ रिसेप्टरला चिकटलं की पेशीच्या आत जॅक-टू नावाचं एन्झाइम जागं होतं, आणि पुढं कळलं की ते स्टॅट-फाइव्ह या प्रथिनाला हलवतं आणि मज्जेतली पेशी लाल पेशी व्हायच्या वाटेला लागते. २००५ मध्ये त्याच जॅक-टूमधला एक बदल, ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअॅलनिन, चार वेगवेगळ्या गटांनी पॉलिसायथेमियाच्या (लाल पेशी भरमसाट वाढतात तो आजार) पेशंटमध्ये दाखवला, म्हणजे ईपीओची हाक नसतानाही स्विच चालूच, आणि २०११ ला मायलोफायब्रोसिस या मज्जेच्या आजारावर जॅक-टूला आवरणारं रुक्सोलिटिनिब हे औषध आलं. गोल्डवासरांनी त्या बावीस वर्षांत नुसते पेपर मोजले असते तर ही साखळी किती लांबली असती कोण जाणे.

आता तुझ्या यादीबद्दल, राग मानू नको. पाच, सहा आणि सात नंबरचे पेपर म्हणजे एकाच भाकरीचे तीन तुकडे आहेत, तेच पेशंट, तीच एचपीएलसीची रक्ततपासणी, ग्राफ फक्त वेगळे. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलमधले ते दोन, मुलाखतीत कोणी विचारलं तर लपवू नको पण पुढंही करू नको, आणि परत तिकडं पाठवू नको, वाचणारे जाणकार असतात, त्यांना लगेच कळतं.

माझ्या एका पेपरात लोडिंग कंट्रोलची, म्हणजे प्रत्येक नमुना सारखाच घेतला हे दाखवणारी, पट्टी दुसऱ्याच जेलची लागली होती. छापून आल्यावर वर्षभरानं जुन्या फिल्म आवरताना मला ती दिसली, वरिष्ठ म्हणाले कोणी बघत नाही, राहू दे. तीन रात्री डोळा लागला नाही, शेवटी जर्नलला पत्र लिहिलं, करेक्शन छापून आलं, आजही माझ्या यादीत त्या पेपरच्या खाली ते लिहिलेलं आहे. म्हणून मूळ ब्लॉट (त्या पट्ट्यांचे फोटो), मूळ फाइल, तारखेसकट जपून ठेव, तीन ठिकाणी ठेव.

पण मला जे खरं सांगायचंय ते चौथ्या पेपरबद्दल. धडगाव-अक्कलकुव्याच्या सॅम्पलचा तो. सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजारात, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन, हा बदल सगळ्यांत एकच. आपल्याकडच्या आदिवासींमध्ये बऱ्याच जणांचं एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, जास्त असतं म्हणून त्रास कमी होतो हे पण माहीत आहे, बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं जीन त्याला दाबून धरतं हे २००८ ला कळलं आणि त्यावरची जीन एडिटिंगची थेरपी २०२३ अखेर मंजूरही झाली. तरी तू शेवटच्या परिच्छेदात लिहिलंयस की काहींचं एचबीएफ भरपूर असून दर पावसाळ्यात हाडं ठणकतात, अॅडमिट व्हावं लागतं, हे असं का. त्या अकरा पेपरांत तू स्वतः बोललास तो तेवढाच एक परिच्छेद. बाकी सगळं गाईडचं किंवा साच्यातलं.

नुसतं हिमोग्लोबिन वाढलं म्हणून भागत नाही हे सिकलसेलवरच्या व्हॉक्सेलोटर या हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या औषधानं दाखवलंच, २०१९ ला मंजूर झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं जगभरातून मागं घेतलं. म्हणजे तुझा प्रश्न अजून जिवंत आहे, आणि उत्तर कदाचित पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कशा चिकटतात, कोणते सिग्नल त्यांना चिकटायला सांगतात यात असेल. त्या मॅडमच्या साठात निदान वीस पेपर याच चिकटण्यावर आहेत, मी मोजले. माझं मत त्यांच्याकडं जा. जायच्या आधी ज्या घरांतून रक्त आणलंस तिथं परत जाऊन रिपोर्ट समजावून सांग, तिथली पावरी बोली बोलणारं कोणी सोबत ने. ते राहून गेलंय ना अजून?

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, चौथ्या पेपरचा मूळ डेटा बसून बघू, बामणोदची वांगी बाजारात आली असली तर भरीत करायला सांगतो.