१२ पदकांचा फ्रान्स २० पदकांच्या अमेरिकेच्या वर कसा काय?

प्रश्न २०२२ च्या बीजिंग हिवाळी पॅरालिम्पिकचा आहे. बघा, टेबल लावताना आधी फक्त गोल्ड मोजतात, ते सारखे असले तर सिल्व्हर, मग ब्रॉन्झ. फ्रान्सचे ७ गोल्ड अन् अमेरिकेचे ६, म्हणून फ्रान्स चौथा अन् अमेरिका पाचवी, अमेरिकेकडं ११ सिल्व्हर असून बी काही फायदा नाही. मला तर हे पटत नाही, ११ सिल्व्हर म्हणजे काय कमी मेहनत आहे का.

पण खरं बघायचं तर चीनकडं बघा. २०१८ ला त्यांचं सगळं मिळून एकच पदक होतं, व्हीलचेअर कर्लिंगचं गोल्ड, अन् चार वर्षात १८ गोल्ड धरून ६१ पदकं घेऊन पहिला नंबर! दुसरा युक्रेन, ११ गोल्ड, एकूण २९, ते बी देशात युद्ध चालू असताना, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. तिसरा कॅनडा, ८ गोल्ड.

आमच्या परभणीकडं बर्फ म्हणजे गारपिटीतलाच, तरी शाळेतल्या दिव्यांग पोरांना मी हे टेबल दाखवतो, कारण चार वर्षात काय होऊ शकतं ते त्यांना कळायला पाहिजे.